प्रोजेक्टरवरचे चित्र फिके का दिसते? ब्राइटनेस वाढवण्याआधी खिडकी बंद करा!

देवगड तालुक्यातील जामसंडे परिसरात प्रोजेक्टर आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. शाळेचा वर्ग, बागायतदारांचे प्रशिक्षण, गणपतीच्या दिवसांतले कार्यक्रम, लग्नाचा हॉल, क्रिकेटचा सामना अशा सगळीकडे तो दिसतो. पण बटण दाबल्यावर भिंतीवर उमटणारे चित्र पुष्कळदा फिके, तिरके किंवा धूसर असते. मागच्या बाकावरून ‘सर, काय दिसणा नाय’ अशी हाक येते. मग कोणीतरी रिमोट हातात घेऊन ब्राइटनेस शंभरवर नेतो आणि चित्र आणखी फिके होते. ‘यंत्र जुने झाले’ असा निष्कर्ष निघतो, नव्या दिव्याची किंवा नव्या यंत्राची चौकशी सुरू होते, तोवर प्रोजेक्टर कपाटात जातो.

अनेकदा यंत्रात काहीच बिघडलेले नसते. खोलीतला उजेड, टेबलाची उंची आणि मेन्यूतले चार-पाच पर्याय एवढ्यातच चूक असते. कोणती सेटिंग नेमके काय करते आणि त्यांना कोणत्या क्रमाने हात लावायचा, ते पाहू.

हा प्रश्न महत्त्वाचा का?

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेने डिजिटल वर्गाचा प्रयोग केला आणि तो राज्यभर गाजला. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्यानंतरच्या काळात अनेक गावांनी लोकवर्गणी काढून शाळांना प्रोजेक्टर घेऊन दिले. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमधून ‘दीक्षा’ ॲपवरचे व्हिडीओ उघडू लागले. गावाच्या पैशाने आलेले यंत्र चित्र नीट दिसत नाही म्हणून पडून राहणे हे वर्गणीचे आणि मुलांचेही नुकसान आहे.

जामसंडे परिसरात याला आणखी एक बाजू आहे. तालुका आंबा उत्पादकांची सहकारी संस्था जामसंडे येथे आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आंबा संशोधन उपकेंद्र याच तालुक्यात रामेश्वर-गिर्ये येथे आहे. कीड-रोगांवरच्या मार्गदर्शनात मोहोराचे, पानांचे, फळांचे फोटो दाखवावे लागतात. मोहोरावरची भुरी म्हणजे पांढुरकी बुरशी आणि करप्याचे काळपट डाग यांतला फरक पडद्यावर दिसला नाही, तर त्या फोटोचा उपयोग काय? फवारणी कोणती करायची, हा पुढचा निर्णय बागायतदार त्यावरूनच घेणार असतो.

प्रोजेक्टर काळा रंग कसा दाखवतो?

दाखवतच नाही. सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

प्रोजेक्टर फक्त उजेड टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. चित्रातल्या काळ्या भागात तो उजेड अडवतो. तिथे दिसते ती आपली भिंत, खोलीत जेवढा उजेड आहे तेवढ्यात. प्रोजेक्टर बंद असताना भिंत जितकी उजळ दिसते, त्याहून काळे त्या खोलीत काहीही दिसणार नाही.

साधा हिशेब करू. प्रोजेक्टर ३००० ल्युमेनचा आहे. चित्र २ मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच, म्हणजे अडीच चौरस मीटर. ३००० भागिले अडीच केले की भिंतीवर साधारण १२०० लक्स उजेड पडतो. लक्स म्हणजे एक चौरस मीटरवर पडणारा उजेड.

आता खिडक्या उघड्या असून भिंतीवर बाहेरचा ४०० लक्स उजेड येतो आहे, असे समजा. चित्रातला पांढरा भाग १६०० लक्सचा आणि काळा भाग ४०० लक्सचा. दोहोंतला फरक अवघा चौपट. खिडक्यांना जाड पडदे लावले, फळ्यावरची ट्यूब बंद केली आणि बाहेरचा उजेड २० लक्सवर आणला, तर पांढरे १२२० आणि काळे २०. फरक ६१ पट! यंत्र तेच आणि दिवाही तोच, तरी चित्र सुमारे पंधरा पट ठसठशीत झाले. खोक्यावर छापलेले ‘१०,०००ः१ कॉन्ट्रास्ट’सारखे आकडे पूर्ण अंधारातले असतात. उजेडाच्या खोलीत त्यांना अर्थ उरत नाही.

म्हणून पहिली ‘सेटिंग’ रिमोटवर नाही, खिडकीवर आहे. सगळा वर्ग अंधारा करण्याची गरज नसते. पडद्यावर थेट पडणारा उजेड अडवला तरी मोठा फरक पडतो. खिडक्यांच्या समोरच्या भिंतीवर चित्र टाकू नये. ज्या भिंतीत खिडक्या आहेत तिच्यावर किंवा काटकोनातल्या भिंतीवर टाकावे. मुलांना वहीत लिहायचे असेल, तर मागची ट्यूब चालू ठेवून फक्त पुढची बंद करावी.

चित्र मोठे केले की काय होते?

उजेड तेवढाच राहतो आणि जास्त जागेवर पसरतो. २ मीटर रुंदीचे चित्र ३ मीटरचे केले, की क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. १२०० लक्सचे सुमारे ५३३ होतात. उलट उजेडाच्या खोलीत चित्र थोडे लहान केले, की ते लगेच उठून दिसते.

किती मोठे पुरे? चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत बसलेल्यांना मजकूर वाचता यावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. सव्वा मीटर उंचीचे चित्र साडेसात मीटरपर्यंत चालते. बहुतेक वर्गांना तेवढे पुरते. अट एकच, स्लाइडवरची अक्षरे मोठी हवीत. एका स्लाइडवर पानभर मजकूर असेल, तर कोणतीच सेटिंग मदतीला येत नाही.

‘ब्राइटनेस’ वाढवूनही चित्र फिके का?

कारण या नावाने फसगत होते. बहुतेक प्रोजेक्टरांत ब्राइटनेस हा पर्याय दिव्याचा उजेड वाढवत नाही. चित्रातला काळा भाग किती काळा ठेवायचा, हे तो ठरवतो. तो वाढवला की काळ्याचे करडे होते आणि सगळ्या चित्रावर धुके पसरल्यासारखे दिसते. कॉन्ट्रास्ट हा पर्याय दुसऱ्या टोकाचा, म्हणजे पांढऱ्याचा. तो फार वाढवला की पांढऱ्या भागातले बारकावे पुसले जातात.

दोन्ही जुळवण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मोबाइलवरचा एखादा चांगला फोटो घ्या, ज्यात काळेभोर केस आणि पांढरा सदरा दोन्ही आहेत. केसांच्या बटा वेगवेगळ्या दिसेनाशा होतील इथपर्यंत ब्राइटनेस कमी करा, मग त्या जेमतेम दिसू लागेपर्यंत वाढवा. नंतर सदऱ्याच्या चुण्या दिसत राहतील इतपतच कॉन्ट्रास्ट ठेवा. हे सगळे कार्यक्रमाच्या वेळी खोलीत जितका उजेड असेल, तेवढ्याच उजेडात करायचे. सकाळी वर्गात जुळवलेली सेटिंग रात्रीच्या मांडवात चालत नाही.

दिव्याचा खरा उजेड बदलणारा पर्याय वेगळा असतो. ‘लॅम्प मोड’, ‘पॉवर मोड’ किंवा ‘इको’ अशा नावाने तो मेन्यूत सापडतो. कोणीतरी वीज वाचवण्यासाठी इको लावून ठेवलेले असते आणि दिवसा चित्र फिके पडते. दिवसा नॉर्मल आणि अंधारात इको, ही विभागणी सोयीची. इकोमध्ये उजेड कमी पडतो, पण दिवा जास्त टिकतो आणि पंख्याचा आवाजही घटतो.

दिवा खरोखरच संपला हे कसे ओळखावे?

मेन्यूत ‘इन्फर्मेशन’ भागात दिवा किती तास जळला, ते लिहिलेले असते. कंपन्या दिव्याचे जे आयुष्य सांगतात, ते सहसा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे असते. म्हणजे ४००० तासांचा दिवा ४००० तासांनी एकदम विझतोच असे नाही, तो हळूहळू मंदावत जातो. तास आयुष्याच्या जवळ आले असतील, तर दिवा बदलणे रास्त आहे. ५००-६०० तासच झाले असतील आणि तरी चित्र फिके असेल, तर आधी लेन्सवरची धूळ, इको मोड आणि खोलीतला उजेड तपासा. नवा दिवा बसवल्यावर तासांची मोजणी शून्यावर आणायला विसरू नये. लेझर आणि एलईडी प्रोजेक्टरांत असा बदलता दिवा नसतो. त्यांचे आयुष्य साधारण २०,००० तास किंवा त्याहून अधिक सांगितले जाते.

चित्र तिरके दिसते. ‘कीस्टोन’ वापरावे का?

प्रोजेक्टर भिंतीच्या बरोबर समोर नसेल किंवा पुढचा पाय उंच करून वर तोंड करून ठेवला असेल, तर चौकोनाचा समलंब चौकोन होतो. वरची बाजू रुंद, खालची अरुंद. ते सरळ करणाऱ्या पर्यायाला कीस्टोन म्हणतात. हल्लीच्या अनेक यंत्रांत तो आपोआप चालतो, त्यामुळे लोक निर्धास्त असतात.

पण त्याची किंमत मोजावी लागते. कीस्टोन लेन्स हलवत नाही, ते चित्रच कापून-आवळून लहान करते. १२८० गुणिले ८०० बिंदूंच्या यंत्रावर वरची कड खालच्यापेक्षा २० टक्के रुंद पडत असेल, तर ती सरळ करण्यासाठी सर्वांत वरच्या ओळीत १२८० ऐवजी सुमारे १०६६ बिंदूच वापरले जातात. उरलेले बिंदू बंद होतात. त्यांच्यातून झिरपणारा उजेड चित्राभोवती करड्या चौकटीसारखा दिसतो. बारीक अक्षरे फुटकी दिसतात, कारण मूळ बिंदू नव्या जागी नेमके बसत नाहीत.

त्यामुळे आधी यंत्र हलवावे, कीस्टोन शेवटी. प्रोजेक्टर सपाट ठेवून चित्र कुठे पडते ते पाहावे. शाळा-कार्यालयांतल्या बऱ्याच प्रोजेक्टरांत चित्राची खालची कड साधारण लेन्सच्या पातळीवर किंवा किंचित वर पडते. अशा यंत्रासाठी टेबल पडद्याच्या खालच्या कडेइतके उंच हवे. पुढचा पाय वर करण्यापेक्षा दोन बाके एकावर एक ठेवून पक्के बांधलेले बरे. काही छोट्या एलईडी प्रोजेक्टरांत लेन्स चित्राच्या मध्याशी असते, त्यांना पडद्याच्या मध्याच्या उंचीवर ठेवावे लागते. ‘लेन्स शिफ्ट’ची सोय असलेल्या यंत्रात मात्र चित्र बिंदू न गमावता वर-खाली सरकवता येते.

महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या ऑपरेटरांकडे हा मेन्यू नव्हता. रिळाच्या यंत्रावर चित्र सरळ करायचे, तर यंत्र आणि पडदा जागेवर नीट बसवण्यावाचून गत्यंतर नसे. ही तंबू टॉकीज रिळाकडून डिजिटल प्रोजेक्टरकडे वळतानाचा काळ २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवल्या गेलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपला आहे. यंत्र बदलले, तरी आधी मांडणी आणि मग बटण हा क्रम आजही तोच आहे.

पडद्यावरचा हापूस मोहरीच्या रंगाचा का?

शाळा-कार्यालयांत वापरले जाणारे बरेच प्रोजेक्टर डीएलपी पद्धतीचे असतात. त्यात एका चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ही चिप शोधली. दिव्याचा उजेड फिरत्या रंगचक्रातून जातो आणि लाल, हिरवे, निळे चित्र इतक्या वेगाने एकापाठोपाठ उमटते की डोळ्याला ते एकच वाटते. अनेक यंत्रांत या चक्राला एक पांढरा किंवा पारदर्शक भागही जोडलेला असतो. त्यामुळे पांढरा रंग झगझगीत होतो, पण शुद्ध रंगांना तो उजेड मिळत नाही. झळझळीत पांढऱ्याशेजारी पिवळा रंग मळकट, मोहरीसारखा दिसतो.

‘ब्राइट’, ‘डायनॅमिक’ किंवा ‘प्रेझेंटेशन’ या मोडमध्ये हा परिणाम सर्वाधिक असतो. शिवाय पाऱ्याच्या दिव्याच्या उजेडात हिरव्याचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे सगळ्या चित्रावर हिरवट छटा येते. केशरी हापूस कच्चा वाटू लागतो. मोहोरावरची भुरी पांढऱ्या झगमगाटात हरवते.

उपाय सोपा आहे. रंग महत्त्वाचा असेल तेव्हा खोली अंधारी करून ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘एसआरजीबी’ मोड निवडावा. उजेड थोडा कमी होईल, पण रंग खऱ्याच्या जवळ येतील. पाहायची सोपी रीत म्हणजे हातात एक पिकलेला आंबा घ्यावा आणि त्याचाच फोटो पडद्यावर टाकावा. नुसता मजकूर किंवा गणिते दाखवायची असतील, तर ब्राइट मोडला हरकत नाही. तीन वेगवेगळ्या पॅनेलमधून रंग मिसळणाऱ्या थ्री-एलसीडी प्रोजेक्टरांत रंगचक्र नसते, त्यामुळे ही अडचण कमी जाणवते.

भिंतीचा रंगही चित्रात मिसळतो. निळ्या डिस्टेंपरवर पिवळा रंग मरतो. मेन्यूत ‘वॉल कलर’ किंवा ‘ब्लॅकबोर्ड’ असा पर्याय असेल तर तो वापरावा, पण चमक नसलेल्या पांढऱ्या रंगाचा एक चौकोन भिंतीवर रंगवून घेणे अधिक चांगले. ऑइलपेंट टाळावा, त्यावर मध्यभागी उजेडाचा डोळा दिसतो. पांढरी चादर लावली तर बराच उजेड आरपार जातो, म्हणून मागे काळे कापड जोडावे.

अक्षरे पुसट, माणसे जाडी किंवा लांबट का?

पुसटपणाचे पहिले कारण फोकस. लेन्सभोवतीची कडी फिरवताना चित्राचा मध्य न पाहता कोपऱ्यातली अक्षरे पाहावीत. यंत्र तापल्यावर फोकस किंचित सरकू शकतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा पाहावे.

दुसरे कारण लॅपटॉपचे रिझोल्युशन. प्रोजेक्टरची मूळ क्षमता १२८० गुणिले ८०० असताना लॅपटॉप १९२० गुणिले १०८० चे चित्र पाठवत असेल, तर सुमारे २० लाख बिंदू १० लाखांत कोंबावे लागतात. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरचे मूळ रिझोल्युशन निवडले, की अक्षरे लगेच धारदार होतात. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबल्यावर येणाऱ्या यादीत ‘डुप्लिकेट’ निवडले असेल, तर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोन्हींवर एकच रिझोल्युशन जाते. ‘एक्स्टेंड’ केल्यास प्रोजेक्टरचे वेगळे ठेवता येते.

माणसे जाडी किंवा लांबट दिसत असतील, तर ‘आस्पेक्ट रेशो’ म्हणजे रुंदी-उंचीचे प्रमाण चुकले आहे. ते ‘ऑटो’वर ठेवावे. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या म्हणून चित्र ताणू नये. चित्र उलटे किंवा आरशासारखे दिसत असेल, तर ‘प्रोजेक्शन’ पर्यायात यंत्र पुढून, पडद्यामागून की छताला टांगून वापरता आहात, ते निवडावे.

मोबाइल जोडताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. प्रत्येक फोनचा सी-टाइप पोर्ट व्हिडीओ बाहेर देतोच असे नाही, केबल घेण्याआधी फोनची माहिती तपासावी. आवाज येतो पण चित्र काळे दिसते, असे काही ओटीटी ॲपच्या बाबतीत होते. तो कॉपी-संरक्षणाचा परिणाम असतो, प्रोजेक्टरचा बिघाड नव्हे.

किनाऱ्यावर कोणती काळजी जास्त?

खारी, दमट हवा आणि जांभ्याची लाल धूळ. धुळीने जाळी भरली की हवा आत जात नाही, यंत्र तापते आणि मध्येच बंद पडते. जाळी असलेल्या यंत्रात ती मऊ ब्रशने नियमित साफ करावी. पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवू नये, अधूनमधून चालवावे. ठेवताना ते पूर्ण थंड झाल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे. ओलाव्याने लेन्सवर बुरशी धरली, तर कोणतीही सेटिंग चित्र सुधारू शकत नाही.

वीज अचानक जाणे हा दिव्याच्या प्रोजेक्टरचा शत्रू. बटणाने बंद केल्यावर पंखा काही वेळ चालू राहतो आणि दिवा थंड करतो. थेट वीज गेली की पंखाही थांबतो. अशा वेळी वीज परत आल्यावर लगेच चालू न करता काही मिनिटे थांबावे. यंत्राच्या क्षमतेला झेपेल असा यूपीएस जोडता आला तर उत्तम.

पंखा विनाकारण घोंघावत असेल, तर मेन्यूत ‘हाय अल्टिट्यूड’ चालू आहे का ते पाहावे. हा पर्याय साधारण १५०० मीटरच्या वरच्या विरळ हवेसाठी असतो. सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीलाही त्याची गरज नाही, मग समुद्रकाठाला कशाला?

नवा घ्यायचाच असेल तर?

नुसता ‘ल्युमेन’चा आकडा पाहू नये, ‘एएनएसआय ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन’ विचारावे. या मोजणीत पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात. स्वस्त यंत्राच्या खोक्यावर हजारोंचा आकडा असला, तरी प्रमाणित मोजणीत तो काहीशेवर येऊ शकतो. २०० ल्युमेनच्या यंत्राने २ मीटर रुंद चित्र केले, तर भिंतीवर ९० लक्सही पडत नाहीत. रात्रीच्या सिनेमाला ते चालेल, दिवसाच्या वर्गाला नाही. ‘१०८०पी सपोर्टेड’ म्हणजे यंत्र तसा व्हिडीओ स्वीकारते एवढेच. दाखवण्याची क्षमता ‘नेटिव्ह’ रिझोल्युशनवरून कळते. शक्य असेल तर विकत घेण्याआधी दिवसा, आपल्याच खोलीत चालवून पाहावे.

कार्यक्रमाआधी दहा मिनिटे. या क्रमाने तपासा

१. पडद्यावर पडणारा बाहेरचा उजेड अडवा, पुढची ट्यूब बंद करा.
२. यंत्र पडद्याच्या बरोबर समोर, सपाट आणि योग्य उंचीवर ठेवा.
३. अंतर आणि झूम वापरून चित्राचा आकार ठरवा. उजेड जास्त असेल तर चित्र लहान ठेवा.
४. कोपऱ्यातली अक्षरे पाहून फोकस करा.
५. लॅपटॉपचे रिझोल्युशन प्रोजेक्टरच्या मूळ क्षमतेला जुळवा.
६. मजकुरासाठी ब्राइट, रंगांसाठी सिनेमा मोड निवडा.
७. फोटो लावून ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट जुळवा.
८. अजूनही चित्र तिरके असेल तरच कीस्टोन वापरा, तेही थोडे.
९. सर्वांत मागच्या रांगेत बसून स्वतः वाचून पाहा.

मेन्यू पार बिघडला असेल तर ‘रीसेट’ करून पहिल्यापासून सुरुवात करता येते. भाषा आणि दिव्याच्या तासांची नोंद मात्र आधी पाहून ठेवावी. जुळलेली सेटिंग मोबाइलवर फोटो काढून ठेवली आणि टेबलाच्या पायांच्या जागी जमिनीवर खुणा केल्या, तर पुढच्या वेळी दुसऱ्या कोणालाही दोन मिनिटांत यंत्र लावता येईल. वर्गात एक नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगावा : चालू प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये कोणीही डोकावायचे नाही. तो उजेड भिंतीसाठी आहे, डोळ्यांसाठी नाही.